ब्रेक कोणाच्या पायाखाली होता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली म्हणून पालकांवर कारवाई, अशा बातम्या आपल्या अंकात अधूनमधून वाचतो. दंडाचा आकडा प्रत्येक बातमीत असतो. त्या मुलाला गाडी शिकवली कोणी, हे कुठेच नसतं. मी खोपट डेपोतून २९ वर्षं एस.टी. चालवली. त्यामुळे बातमी वाचताना माझं लक्ष आधी तिकडेच जातं.

मला दोन नातू. एक लेकाचा, इथे वर्तकनगरला आमच्याच घरात. दुसरा लेकीचा, अमेरिकेत कॅलिफोर्नियात, सॅन होजेला. दोघांच्या वयात तीन आठवड्यांचं अंतर. अडीच वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे गेलो, तेव्हा तिथला सोळा वर्षांचासुद्धा नव्हता, पण गाडी चालवत होता आणि तीही कायद्याने. तिथे साडेपंधराव्या वर्षी शिकाऊ परमिट मिळतं. त्यासाठी आधी वर्गातला किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम करावा लागतो आणि मग परवानाधारक शिक्षकाबरोबर सहा तास गाडी. एवढ्यावर सुटका नाही. आई, बाप किंवा २५ वर्षांवरचं लायसन्सवालं माणूस शेजारी बसवून आणखी ५० तास चालवायची, त्यातले १० तास रात्रीचे. परमिट मिळाल्यावर किमान सहा महिने थांबायचं, मगच टेस्ट. जावयाने फ्रिजवर तक्ता लावला होता: तारीख, किती वेळ, दिवस की रात्र, शेवटी सही.

एका रात्री जेवण झाल्यावर ‘तास भरायला’ निघाले, मीही गेलो. शेजारी बसायला मला परवानगी नव्हती, कारण तिथलं लायसन्स नाही. माळशेजच्या धुक्यात पन्नास माणसं घेऊन उतरलेला मी, नातवाच्या मागे पट्टा बांधून गप्प बसलो! (हिला फार मजा वाटली. अजून सांगते सगळ्यांना.)

टेस्ट पास झाल्यावरही पहिले बारा महिने रात्री ११ ते पहाटे ५ गाडी काढायची नाही आणि जाणतं माणूस सोबत नसेल तर वीस वर्षांखालच्या दोस्ताला बसवायचं नाही. हा दुसरा नियम ज्याने केला त्याला पोरांची नस कळलेली आहे. आमच्या एस.टी.त ‘चालकाशी बोलू नये’ अशी पाटी असायची, तीही पंचवीस वर्षं मुरलेल्या ड्रायव्हरसाठी.

परत आलो त्याच वर्षी, अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी, इथला नातू पडला. अकरावीत होता. क्लास नौपाड्यात, शेअर रिक्षाला रांग, म्हणून माझ्या मुलाने ११० सीसीची स्कूटर त्याच्या हाती दिली होती. मी बोललो, पण घरात निवृत्त माणसाच्या बोलण्याला जेवढी किंमत असते तेवढीच मिळाली. घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवर, मेट्रोच्या पत्र्यांच्या कडेने, भिजलेल्या पेव्हर ब्लॉकवर ट्रिपल सीट. समोर रिक्षा थांबली. याने पुढचा ब्रेक करकचून दाबला. चाक जागच्या जागी अडकलं आणि गाडी आडवी. एकाचे दात, याचं कॉलरबोन. तिसऱ्याला खरचटलंसुद्धा नाही. पोलिसांपर्यंत गेलं नाही. हे लिहितानाही लाज वाटते, पण खरं तेच लिहितो.

दवाखान्यात मी त्याला विचारलं, मागचा ब्रेक आधी का नाही दाबलास? म्हणाला, ‘आजोबा, कोणता आधी दाबायचा असं असतं का?’

कायदा कमी नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९-अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. ‘मला माहीत नव्हतं’ हे पालकालाच सिद्ध करावं लागतं. माझ्या मुलाने काय सिद्ध केलं असतं? किल्ली तर त्यानेच दिलेली.

पण याच कायद्यात सोळाव्या वर्षाचीही एक सोय आहे. ५० सीसीपर्यंतची विनागिअर गाडी, पालकांची लेखी संमती देऊन, चालवता येते. आमच्या तरुणपणी लुना होती, तेव्हा त्याला अर्थ होता. आज शोरूममध्ये तशी पेट्रोलची नवी गाडी मागून बघा. उलट २५ किलोमीटर वेगाच्या आणि २५० वॉटच्या आतल्या बॅटरीच्या स्कूटरला लायसन्सही लागत नाही, नंबर प्लेटही नाही. म्हणजे सोळाव्या वर्षी शिकायची वाट बंद आणि न शिकता चालवायची वाट उघडी. मधल्या दोन वर्षांत पोरं जे शिकतात ते एकमेकांकडून शिकतात.

यंदा सप्टेंबरात हा अठरा वर्षांचा झाला. ऑक्टोबरात चारचाकीचं लर्निंग काढलं आणि एका मोटर ट्रेनिंग स्कूलला घातला. पंधरा दिवस, रोज अर्धा तास. चौथ्या दिवशी मी मागच्या सीटवर जाऊन बसलो. शिक्षकांना आवडलं नाही, पण वयाकडे बघून काही बोलले नाहीत.

ट्रेनिंगच्या गाडीत शिक्षकांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो. तो हवाच. पण मी अर्धा तास रस्ता सोडून त्यांच्या चपलांकडे बघत होतो. उपवनकडून येऊरला चढणाऱ्या रस्त्यावर पुढची गाडी थांबली, आमचीही थांबली, मग अलगद निघाली. नातू खूश. ‘आजोबा, बघितलंत? बंद नाही पडली!’ थांबवली शिक्षकांनी, हाफ क्लचवर धरली शिक्षकांनी, काढलीही त्यांनीच. याच्या हातात फक्त स्टिअरिंग होतं. मी म्हटलं, साहेब, पुढच्या चढाला जरा पाय वर घ्या. घेतले. गाडी तीनदा बंद पडली, एकदा वीतभर मागे आली, मागच्या टेम्पोने हॉर्नचा जीव काढला. शिक्षक म्हणाले, ‘काका, टेस्टला एवढं नाही विचारत.’

माणूस वाईट नव्हता. रोज बारा-पंधरा पोरं, ट्रॅफिक, डिझेलचा खर्च. प्रत्येकाला चढावर बंद पाडू द्यायची म्हटली तर त्याचा धंदा चालणार नाही. पण त्याच्या पायाने पास झालेला मुलगा सोळाव्या दिवशी बापाच्या गाडीत बसतो, आणि तिथे डावीकडे पेडल नसतं.

२०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी नियम आहेत. हलक्या वाहनासाठी २९ तासांचा अभ्यासक्रम: २१ तास प्रत्यक्ष गाडीवर, ८ तास वर्गात. पास झालात तर परिवहन कार्यालयातली चाचणी माफ. चाचणी माफ करण्याचं आमिष मला पटत नाही, पण २१ तास हा आकडा पटतो. आमच्या नातवाचे झाले साडेसात, आणि त्यातले शिक्षकांच्या पायाचे वजा केले तर किती उरतात देव जाणे.

माझं म्हणणं एवढंच आहे. लर्निंग लायसन्सबरोबर प्रत्येक मुलाला एक वही द्या. तास, दिवस, रात्र, चढ, पाऊस असे रकाने, आणि शेजारी बसलेल्या लायसन्सधारकाची सही. आज लर्निंगनंतर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. २१ वर्षांखालच्यांना किमान सहा महिने थांबवा, वही भरल्याशिवाय टेस्टला बसवू नका. खोट्या सह्या होतील असं कोणी म्हणेल. होतील. सॅन होजेतही होत असतील. पण ज्या बापाला सही करायची आहे तो निदान चार वेळा शेजारी तर बसेल. माझा मुलगा स्कूटरच्या वेळी एकदाही मागे बसला नव्हता.

आमच्या घरी वही सुरू झाली आहे. माझ्या जुन्या ड्युटीच्या डायरीतलीच कोरी पानं. ‘एल’ची पाटी पुढे-मागे लावून रविवारी सकाळी सहाला निघतो, मुलगा शेजारी, मी मागे. आजवर साडेअकरा तास झाले, रात्रीचे दोन. चढाचा रकाना बऱ्यापैकी भरलाय, गाडी आता बंद पडत नाही. पावसाचा रकाना कोरा आहे. लर्निंगची सहा महिन्यांची मुदत एप्रिलमध्ये संपते आणि पाऊस येतो जूनमध्ये. तोवर पक्कं लायसन्स त्याच्या खिशात आलेलं असेल. पहिल्या पावसात किल्ली मागितलीस तर मागच्या सीटवर मी असणार, हे त्याला आत्ताच सांगून ठेवलंय.

आपला,
एक निवृत्त एस.टी. चालक
वर्तकनगर, ठाणे