सईला पत्र : एका शहरातल्या दोन भाषा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

बार्सिलोनात सगळं स्पॅनिशवर निभतं, म्हणून तिथली मूळची भाषा असलेल्या कॅटलनचा वर्ग घेत नाही, असं तू म्हणालीस. निर्णय तुझाच. पण तो वर्ग तू घ्यावास असं मला मनापासून वाटतं, आणि ते फोनवर धड सांगता येईना म्हणून लिहितेय. तू तिथे साहित्य शिकायला गेली आहेस. एकाच भाषेतून वाचलंस तर कॅटलन तर जाईलच, स्पॅनिशही अर्धंमुर्धंच हाती लागेल.

स्पेनच्या राजाच्या १७१६ च्या आज्ञेनंतर कॅटलन भाषा न्यायालयातून आणि कारभारातून हटत गेली. घरात, शेतात, बंदरात लोक तीच बोलत. पण शिकलेला माणूस लिहायला बसला की स्पॅनिशकडे वळायचा. १८३३ साली माद्रिदमध्ये नोकरी करणाऱ्या अरिबाउ नावाच्या कॅटलन लेखकानं आपल्या मालकासाठी एक कॅटलन कविता लिहिली आणि ती बार्सिलोनाच्या वर्तमानपत्रात छापून आली. पुढे त्यानं स्वतः कॅटलनमध्ये फारसं लिहिलं नाही, तरी ‘रनाशेन्सा’ ही कॅटलनच्या पुनरुज्जीवनाची चळवळ तिथूनच मोजतात. १८५९ मध्ये मध्ययुगातल्या काव्यस्पर्धा पुन्हा सुरू झाल्या; बक्षीस म्हणून फुलं, काही सोन्याचांदीची. १८७७ साली वर्दागेर नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाला तिथे महाकाव्यासाठी पारितोषिक मिळालं. क्युबाला जाणाऱ्या जहाजांवर तो धर्मगुरू होता.

मला मात्र सगळ्यांत जवळचा वाटतो तो कॅटलन कवी जुआन मारागाल. १८९८ मध्ये स्पेननं क्युबा, पोर्तो रिको, फिलिपिन्स गमावले. त्या धक्क्यातून स्पॅनिशमध्ये उनामुनो, आसोरिन, बारोहा, माचादो या लेखक-कवींची ‘९८ ची पिढी’ उभी राहिली. स्पेन म्हणजे नक्की काय, हा त्यांचा ध्यास. त्याच वर्षी मारागालनं स्पेनला उद्देशून कविता लिहिली, कॅटलनमध्ये: तुझ्या एका मुलाचं ऐक, तो तुझ्याशी वेगळ्या भाषेत बोलतोय. मुलगा विचारत राहतो, उत्तर येत नाही, आणि शेवटी तो निरोप घेतो. ९८ च्या पिढीचे सगळे निबंध वाचून ही एक कविता राहिली, तर त्या वर्षाचं दुःख एकाच बाजूनं कळेल. आणि हाच माणूस वर्तमानपत्रातले लेख स्पॅनिशमध्ये लिहायचा! उनामुनोशी त्याचा मनमोकळा पत्रव्यवहार होता. गुराख्याच्या पोरानं मारलेल्या दगडानं एक डोळा गेलेली, दुसऱ्यावर सारा आलेली गाय सवयीच्या वाटेनं पाण्यावर जाते, अशी मारागालची एक छोटी कविता आहे. उनामुनोनं स्वतः ती स्पॅनिशमध्ये आणली. दोन्ही शेजारी ठेवून वाच. मतभेद असलेल्या दोन माणसांचं प्रेम त्यात दिसतं.

मग कॅटलनला नियम घालून देणारा फाब्रा. मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेला, तेव्हा त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. शिक्षणानं तो अभियंता, बिल्बाओत रसायनशास्त्र शिकवणारा. पण १९१३ चे शुद्धलेखनाचे नियम, १९१८ चं व्याकरण आणि १९३२ चा शब्दकोश हे सारं त्याचं काम. १९६२ च्या नियमांनी आपल्याकडचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्यावरून केवढे वाद झाले ते आठवलं की त्याच्या धीराचं मोल कळतं. त्याच्याआधी प्रत्येक लेखक आपापल्या पद्धतीनं लिहीत असे.

हुकूमशहा प्रीमो दे रिव्हेरानं कॅटलनवर बंधनं आणली, तेव्हा १९२४ मध्ये माद्रिदच्या शंभराहून अधिक लेखक-विद्वानांनी तिच्या बाजूनं निवेदन दिलं. आसोरिन आणि ओर्तेगा इ गासेत त्यात होते. सगळा दोष ‘स्पॅनिशवाल्यां’वर टाकणाऱ्या मैत्रिणी भेटल्या, तर हे त्यांना जरूर सांग.

१९३९ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोविरुद्धची बाजू हरली, तेव्हा सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेलेल्या निर्वासितांत माचादोही होता आणि फाब्राही. माचादो फेब्रुवारीतच कॉलिऊर गावी वारला, फाब्रा १९४८ मध्ये प्रादला. दोन्ही गावं फ्रान्समधल्या कॅटलन मुलुखातली. स्पॅनिशचा एवढा मोठा कवी कॅटलन मातीत आहे, हे कळल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

युद्ध जिंकलेल्या हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत कॅटलन शाळांतून आणि सार्वजनिक जीवनातून हद्दपार झाली. साठच्या दशकात ती गाण्यांतून परतली. १९६८ मध्ये सेरात या गायकानं युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेत गाईन तर कॅटलनमध्येच, असं सांगितलं. त्याच्या जागी दुसऱ्या गायिकेला पाठवण्यात आलं. आणि पुढच्याच वर्षी या सेरातनं माचादोच्या स्पॅनिश कवितांना चाली लावून अख्खी तबकडी काढली. आधी ती ऐक, ती तर तुला आत्ताच कळेल.

वर्ग घेतलास तर पहिली कादंबरी मर्से रोदोरेदाची घे, १९६२ ची, दियामान चौकाची. ती लिहिली जिनिव्हात, परागंदा असताना, पण चौक तुमच्या ग्रासिया भागात आहे. युद्ध, उपासमार, कबुतरं, सगळं एका साध्या बाईच्या तोंडून येतं, आणि तिची बोली अनुवादात पुरती उतरत नाही असं वाचणारे सांगतात. मी अनुवादच वाचलाय. तू मूळ वाच आणि मला लिही.

तुझी,
आई