खुनी आधीच कळला, मग पुढे काय वाचायचं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी रहस्यकथांवर लेख आला होता. मराठी वाचक भावनाप्रधान, त्याला जपानी किंवा स्वीडिश थरारकथा कोरड्या वाटतात, तेव्हा भाषांतर करताना नावंगावं इथलीच घालावीत, असा त्याचा एकूण सूर. हा वाचक लेखकाला कुठे भेटला कोण जाणे. मला भेटलेले वाचक सहा आहेत, आणि सातवी मी.

मी सातारची. हायस्कुलात छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले. आम्हा सात जणींची पुस्तकभिशी आहे. पैशांच्या भिशीसारखीच, महिन्याला एकीच्या घरी जमायचं. जिची पाळी, तिने पुस्तक निवडायचं आणि खायला काय तेही तिनेच ठरवायचं. तिघी इंग्रजी सराईत वाचतो, दोघी अडखळत वाचतात आणि उरलेल्या दोघींना मी गोष्ट मराठीत सांगते, निम्मी फोनवर.

मार्गशीर्षात माझी पाळी होती. मी केइगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' घेतली. मूळ जपानी कादंबरी २००५ ची, तिला नाओकी पुरस्कार मिळालेला. माझा स्वार्थ असा की तिच्यात मुख्य माणूस गणिताचा मास्तर आहे. एकटा राहतो. शेजारची बाई जेवणाच्या डब्यांच्या दुकानात काम करते. तिचा सोडलेला नवरा पैशांसाठी छळायला येतो आणि मायलेकींच्या हातून मारला जातो. मास्तर त्यांना वाचवायला पुढे होतो. हे सगळं सुरुवातीलाच उघड होतं. पुढे उरतं ते पोलिसांना त्याने नक्की कुठे चकवलं एवढंच.

गळा आवळला जातो तो कोतात्सुच्या वायरने. कोतात्सु म्हणजे काय, इथे गाडी अडली. मी सांगितलं, चौरंगाएवढं बुटकं टेबल, खालच्या अंगाला विजेची शेगडी, वरून गोधडी, आणि घरातले सगळे तीत पाय घालून बसलेले. आमच्यात एक महाबळेश्वरची माहेरवाशीण आहे. खून राहिला बाजूला, तिने आधी विचारलं, "कुठं मिळतं हे?" तेव्हापासून हा शब्द आमच्याकडे रुळलाय. लेखात म्हटल्याप्रमाणे भाषांतरकाराने तिथे इस्त्रीची वायर घातली असती, तर वायर मिळाली असती, पण ती थंडीतली खोली आणि एका गोधडीत पाय घालून बसणाऱ्या मायलेकी गेल्या असत्या.

नावांचा घोळ मात्र खरा. इशिगामी, युकावा, कुसानागी. पाठच्या कोऱ्या पानावर मी पेन्सिलीने यादी केली होती, 'इशिगामी – आपला मास्तर' अशी. पुस्तक सहा घरं फिरून आलं तेव्हा त्या यादीत चार वेगवेगळ्या अक्षरांत भर पडलेली. कुसानागीपुढे कुणीतरी लिहिलं होतं, 'पोलीस, बरा माणूस'.

हे कुणाचं काम ते मी ओळखलं. आमच्यातल्या एकीचे यजमान हवालदार होते. तिला त्या कादंबरीतले पोलीसच पटेनात. घरी येतात, बूट काढतात, नम्रपणे विचारतात, त्या संध्याकाळी सिनेमाला गेला होतात तर तिकिटाचं अर्धुक आहे का. ती म्हणाली, "अर्धुक कोण ठेवतं हो? आणि आमच्याकडे पहिल्याच रात्री दोघींना चौकीवर नेऊन बसवलं असतं, गोष्ट दहा पानांत संपली असती." यावर आमचा तासभर वाद झाला. आम्हाला खून समजला होता, नवऱ्याचा छळ तर नको इतका समजला होता. परका वाटला तो पोलीस. तो सभ्य आहे म्हणूनच मास्तरला एवढं बुद्धीचं कोडं रचावं लागतं, हे आम्ही चहा गार करून शोधून काढलं.

माझं मन अडकलं ते वेगळीकडेच. मास्तरच्या वर्गातला मुलगा विचारतो, गणित शिकून उपयोग काय? त्याला मोटारसायकलचं वेड असतं, म्हणून मास्तर शर्यती आणि वेगाचा धागा धरून कलनशास्त्राकडे वळतो. छत्तीस वर्षांत हा प्रश्न मला किती वेळा आला असेल याची मोजदाद नाही. माझं उत्तर 'परीक्षेला आहे' एवढंच असायचं. हाच मास्तर भूमितीचा वाटावा पण सुटावा बीजगणिताने, असा प्रश्न काढतो. मुलं चुकतात ती गणित येत नाही म्हणून नव्हे, आधीच काहीतरी गृहीत धरतात म्हणून. अख्खी कादंबरी त्यावरच उभी आहे. एकीला शेवट पटला नव्हता. खोदून विचारलं तेव्हा कळलं, सुरुवातीला सुमिदा नदीकाठच्या बेघरांचं जे वर्णन येतं ते तिने 'नुसतं वर्णन' म्हणून ओलांडलं होतं. याहून जास्त लिहीत नाही. आपल्या लेखाने तिसऱ्याच परिच्छेदात शेवट फोडला, तेवढं पुरे झालं.

नावंगावं बदलण्याचा प्रयोग झालेला आहेच. याच कथेवर २०१२ मध्ये कोरियन चित्रपट निघाला आणि २०२३ मध्ये हिंदी 'जाने जान'. हिंदीत टोकियोचं कालिम्पाँग झालं आणि छळणारा नवरा मुंबईचा पोलीस, आडनाव म्हात्रे! आमच्या बँकवाल्या मैत्रिणीने आधी चित्रपट पाहिला होता. तिला तोच जास्त आवडला, नावं लक्षात ठेवावी लागत नाहीत म्हणाली. तिचं बरोबर आहे. पण कादंबरीत मास्तरचा कॉलेजातला मित्र भौतिकशास्त्रज्ञ आहे आणि पोलीस वेगळा. दोन्ही चित्रपटांनी हा शास्त्रज्ञ काढून टाकला. हिंदीत मित्र आणि पोलीस एकच झाले. अशा मित्रापुढे पेच उरतो तो नोकरीचा. कादंबरीतल्या मित्रावर मास्तरला पकडायचं कुणाचंही बंधन नाही, तरी तो शोधत जातो आणि त्याला ते सोसवत नाही. कालिम्पाँग मला चालतं. हा मित्र गेलेला चालत नाही.

रूपांतराला माझा विरोध आहे असं नाही. देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंजारराव' केला आणि तो आपला झाला. (बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही. गुरुनाथ नाईकांची पुस्तकं तर मी वर्गात पोरांकडून जप्त केलेली आहेत आणि परत देण्याआधी शिक्षकखोलीत वाचलेली आहेत.) फक्त भाषांतर म्हणून रूपांतर हातात देऊ नये.

भावनाप्रधान विरुद्ध तर्कप्रधान ही विभागणी मला का पटत नाही, ते पुढच्या महिन्यात आणखी कळलं. एकीने न्यायाधीश डी यांची जुनी चिनी कथा आणली. रॉबर्ट व्हॅन गुलिक या डच मुत्सद्द्याने ती १९४९ साली इंग्रजीत आणली. हे गृहस्थ पुढे काही काळ दिल्लीच्या वकिलातीतही होते. चिनी रहस्यकथांत पाश्चात्त्य वाचकाला काय काय खटकेल, हे त्यांनी प्रस्तावनेत सांगितलंय. गुन्हेगार बहुधा आरंभीच कळतो, भुतंखेतं येतात, पाल्हाळ असतो, पात्रांची खोगीरभरती असते आणि शेवटी शिक्षेचं साग्रसंगीत वर्णन. चिनी वाचक मात्र गुन्हेगार ठाऊक असताना बुद्धिबळाचा डाव बघावा तशी मजा घेतो. आता मला सांगा, कीचक मरणार हे ठाऊक नसलेला एक तरी माणूस कीर्तनाला बसतो का? तरी भीम अंधारात लुगडं नेसून बसला की समोरच्या बायका सावरून बसतातच.

भुताने आमच्यात कुणीच दचकलं नाही. नारायण धारपांचे समर्थ वाचलेल्या बायका आम्ही. पण त्या न्यायालयात कबुलीशिवाय शिक्षा नाही, म्हणून कबुलीसाठी यातना दिल्या जातात. हवालदारीणबाईंनी तिथे पुस्तक मिटलं. जपानी पोलिसांना हसणारी तीच. कारण कुणी विचारलं नाही.

फेलूदा या बंगाली गुप्तहेराचंही सांगते. सत्यजित राय यांच्या या कथा अशोक जैन यांच्या मराठीत मिळतात. एका कथेत चोरीच्या मूर्तीचा माग काढत फेलूदा थेट वेरूळला येतो. आपलंच गाव, आपलीच लेणी, म्हणजे जवळची वाटायला हवी. वाटलीही. पण आमच्यातली सर्वांत तरुण मुलगी पटकन म्हणाली, "यात बायका कुठायत?" या गोष्टींची सुरुवात मुलांच्या 'संदेश' मासिकात झाली, हे मी सांगितलं. ती म्हणाली, "मग मुली काय वाचत नव्हत्या?"

माझी भाची ऑस्लोजवळ राहते. नॉर्वेत ईस्टरच्या सुट्टीत लोक डोंगरातल्या लाकडी घरांत जातात आणि खुनाच्या कादंबऱ्या वाचतात. दुधाच्या खोक्यांवरही छोट्या रहस्यकथा छापतात. त्यातल्या एका खोक्याचा फोटो तिने पाठवला होता. १९२३ साली दोन तरुणांनी टोपणनावाने लिहिलेल्या कादंबरीची जाहिरात तिथल्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आली, 'बर्गनची गाडी काल रात्री लुटली' अशी. लोकांना ती बातमी वाटली. तिथून ही प्रथा पडली म्हणतात. कोयना एक्सप्रेसबद्दल असं छापलं, तर आमच्या गल्लीत काय होईल याची कल्पना करून आम्ही बराच वेळ हसलो.

विनंती दोनच आहेत. परीक्षणात शेवट फोडू नये. आणि भाषांतरित पुस्तकांची ओळख छापताना भाषांतर मुळातून झालंय की इंग्रजीवरून, हे एका ओळीत सांगावं. स्टीग लार्सनच्या पहिल्या कादंबरीचं स्वीडिश नाव 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष' अशा अर्थाचं आहे. इंग्रजीत ती 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' झाली. पुढच्या भिशीला तीच आहे. गोंदवलेली पोरगी म्हणून सांगितली तेव्हा दोघी नको म्हणाल्या होत्या. मूळ नाव सांगितल्यावर सातही जणी येणार आहेत. थालीपीठं हवालदारीणबाईंकडे.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सातारा