भिजलेली वस्तू आधी धुवा, मग वाळवा, चालू करायची घाई नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आलाय. आता पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज तुमच्या पेपरात यायला लागेल, 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका हे कोल्हापुरातल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ झालंय. पण पाणी ओसरल्यावर घरातल्या, दुकानातल्या, शेतातल्या भिजलेल्या वस्तूंचं काय करायचं हे नीट कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. 2019 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, 2021 ला 56 च्या वर, आणि दोन्ही वेळा शाहूपुरी, कुंभार गल्ली, व्यापारी पेठ ह्या भागात पाणी उतरल्यावर रस्त्याच्या कडेला कपाटं, दिवाण, टीव्ही, मिक्सर, शिलाई मशिनी ह्यांचे ढीग लागले होते. भंगारवाल्यानं ते मातीमोल भावानं उचललं. त्यातलं बरंचसं वाचण्यासारखं होतं असं माझं ठाम मत आहे.

मी उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वसाहतीत, गेज दुरुस्तीचं काम करतो, साखर कारखान्यांचे आणि फौंड्र्यांचे प्रेशर गेज, थर्मामीटर वगैरे. माझा चुलतभाऊ पॅटर्नमेकर, म्हणजे फौंड्रीसाठी लाकडाचे साचे बनवतो, लाकूड कुठं फुगणार कुठं आटणार हे त्याला हात लावून कळतं. मागच्या हिवाळ्यात आम्हा दोघांकडं एक वेगळंच काम आलं, रत्नागिरीकडच्या एका खाडीत उभ्या असलेल्या शिडाच्या बोटीचं. तीसेक फुटांची फायबरची बोट, आत झोपायचे बाक, छोटं किचन, सगळं सागवान आणि प्लायचं काम. वॉशबेसिनचा पाईप जिथं बोटीच्या तळातनं बाहेर जातो तिथली होज क्लिप गंजून तुटली, पाईप निसटला, आणि रात्रभरात बाकांच्या वरपर्यंत खारं पाणी भरलं. बोट बुडाली नाही पण आतलं सगळं भिजलं. बघायला आलेल्या एका माणसानं मालकांना सांगितलं की आतलं सगळं काढून फेका, नवीन करा, जुन्याला हात लावण्यात अर्थ नाही. मालकांच्या ओळखीतनं आमच्यापर्यंत निरोप आला, आम्ही आंबा घाटातनं खाली उतरलो.

पहिली गोष्ट, जी ऐकायला विचित्र वाटते, ती म्हणजे भिजलेली बोट आम्ही परत भिजवली. गोड्या पाण्यानं, होज लावून, प्रत्येक कोपरा. कारण खारं पाणी वाळलं तरी मीठ मागं राहतं आणि मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं, त्यामुळं लाकूड वरनं कोरडं दिसलं तरी आतनं कधीच सुकत नाही आणि धातू गंजत राहतात. आपल्याकडच्या पुराचं पाणी गोडं असलं तरी त्यात गाळ असतो, गटार असतं, कुणाच्या तरी टाकीतलं डिझेल असतं, ते सगळं फटीत बसतं आणि सुकल्यावर सिमेंटसारखं घट्ट होतं. म्हणून गाळ ओला आहे तोवरच स्वच्छ पाण्यानं धुवायचा. लोक काय करतात, आधी वाळू दे मग झाडू म्हणतात, तिथंच वस्तू हातातनं जाते.

बोटीवर खरा घात आम्ही पोचायच्या आधीच झाला होता. कुणीतरी "चालू होतंय का बघूया" म्हणून बॅटरीचा स्विच टाकला होता. 12 व्होल्ट म्हणजे काय मोठं, असं वाटतं, पण मिठाच्या पाण्यात बुडालेल्या वायरीतनं करंट वाहिला की प्लसच्या बाजूचं तांबं अक्षरशः विरघळत जातं, काही तासांत सर्किट बोर्डावरच्या बारीक लाईनी खाऊन टाकतं. वायरलेस सेट उघडला तर आत हिरवी बुरशी आल्यासारखं दिसत होतं, एका कोपऱ्यातल्या लाईनी नाहीशाच झालेल्या, तो सेट आम्हाला वाचवता आला नाही. त्याच्या शेजारचं खोली मोजायचं यंत्र मात्र स्विच टाकला तेव्हा फ्यूज उडालेला असल्यामुळं बिनकरंटाचं राहिलं होतं. ते उघडून बोर्ड आधी गोड्या पाण्यानं, मग डिस्टिल्ड वॉटरनं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं मऊ ब्रशनं धुतला, कपाटात साध्या बल्बच्या उबेला काही दिवस ठेवला, आणि ते चालू झालं. तांदळाच्या डब्यात ठेवायचा जो प्रकार चालतो त्यात काही दम नाही, तांदूळ मीठही काढत नाही आणि गाळही काढत नाही.

बॅटरीबद्दल एक वेगळं सांगतो कारण ते जिवावरचं आहे. लेड ॲसिड बॅटरीत समुद्राचं पाणी गेलं तर क्लोरीन वायू तयार होतो, बंद केबिनमध्ये तो घातक. आम्ही आधी सगळी झाकणं उघडली, वारा खेळू दिला, मग बॅटरी सोडवल्या. घरातही पाणी उतरल्यावर आधी मेन स्विच बंद आहे ह्याची खात्री, हात आणि पाय कोरडे, मगच पुढचं.

वायरिंगचं म्हणाल तर भिजलेल्या वायरीचं टोक सोलून बघायचं, आतलं तांबं काळं पडलं असेल तर पाणी इन्सुलेशनच्या आत चढलंय असं समजायचं. मागं मागं कापत जायचं जोवर चकचकीत तांबं दिसत नाही, आणि हातभर कापूनही काळंच निघालं तर वायर बदलायची. पेट्या आणि स्विच पुसून, वर टेप गुंडाळून देणारे मिस्त्री आपल्याकडं खूप आहेत, ते काम सहा महिन्यांत परत येतं.

आता होकायंत्र, ज्याच्यात माझा जीव रमला. अर्धगोल काच, आत तेलासारखा द्रव भरलेला आणि त्यात फिरणारी आकड्यांची तबकडी. आत मोठा बुडबुडा आला होता कारण खालचा रबरी पडदा कडक होऊन चिरला होता. कारखान्याचे ग्लिसरीन भरलेले गेज मी आयुष्यभर उघडत आलोय त्यामुळं हात थरथरला नाही, पण इथं एक धोका असतो, द्रव कुठला ते कंपनीप्रमाणं ठरलेलं असतं, काहींत खनिज तेल, काही जुन्यांत अल्कोहोलचं मिश्रण, आणि चुकीचा द्रव भरला तर तबकडीवरचा रंगच सुटतो. म्हणून आधी कंपनी शोधली, योग्य द्रव आणि नवा पडदा मागवला, मग भरताना यंत्र हळूहळू कलतं करत शेवटचा बुडबुडा भोकापाशी आणून काढला. नंतर लाकडी टेबलावर ठेवून स्क्रू ड्रायव्हर जवळ नेला, तबकडी थोडी ओढली, ड्रायव्हर लांब नेला. तबकडी सुटली आणि बरोबर आधीच्याच आकड्यावर येऊन थांबली. दोन्ही बाजूंनी ओढून बघितलं, तेच. म्हणजे तबकडी जिच्यावर फिरते ती खालची अणी आणि तिच्यावर टेकणारा खडा शाबूत. एवढं बघितल्यावर मग ती फेकून द्या म्हणणारी माणसं आठवली आणि वाईट वाटलं.

पितळी बॅरोमीटरही होता. तो साफ करून इथं वर्कशॉपमध्ये टांगला तर काटा स्केलच्या तळाला जाऊन बसला, पोरं म्हणाली गेला हा. गेला नव्हता. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, दर आठ-नऊ मीटरला हवेचा दाब एक मिलिबार कमी होतो, म्हणजे इथं समुद्रापेक्षा साठेक मिलिबार कमीच दाखवणार. खाली खाडीवर नेऊन मागच्या स्क्रूनं सेट केला, ठीक चालतोय.

लाकडाचं काम भावाचं, पण जे बघितलं ते लिहितो. त्यानं आधी फोनवर सगळ्या केबिनचे फोटो काढले, प्रत्येक फळीच्या मागं नंबर टाकला, मगच स्क्रू काढायला सुरुवात केली. पितळी स्क्रूंची टोकं खरवडून बघत होता, आत गुलाबी दिसलं की तो स्क्रू बाद, कारण खाऱ्या पाण्यानं पितळातलं जस्त निघून गेलेलं असतं आणि उरतं ते ठिसूळ तांबं, पुढच्या वेळी डोकं तुटून येतं. फळ्या टेम्पोनं वर कोल्हापूरला आणल्या, खाडीवरच्या दमट हवेत वाळल्या नसत्या. इथं शेडमध्ये सावलीत, मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी लावली, वर वजन. गल्लीतली माणसं म्हणायची, अरे उन्हात टाक की दोन दिवसांत वाळतील. उन्हात वरचा थर आधी आटतो, आतला ओलाच राहतो, आणि फळी पिळवटते नाहीतर चिरते. सागवानाचं जुनं कपाट पुरात भिजलं तर लोक नेमकं हेच करतात आणि मग म्हणतात पुरानं खराब झालं. ओलावा मोजायचं मीटर बारा टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत त्यानं पॉलिश किंवा इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या घट्ट गोंदाचा, डबा उघडला नाही. ओल्या लाकडावर पॉलिश मारलं की पाणी आत कोंडतं आणि लाकूड आतनं कुजतं.

बोटीतली आडवी पार्टिशनं नुसती शोभेची नसतात, डोलकाठीचा ताण त्यांच्यावर येतो. एका पार्टिशनची खालची कड बाकाच्या मागं कुजली होती, हातोडीच्या दांड्यानं वाजवत खाली आलं की खण् खण् आवाज एकदम भद्द व्हायचा, तिथं पटाशी लोण्यात जावी तशी आत गेली. हे जुनं कुजणं होतं, प्लायच्या उघड्या कडेतनं कित्येक वर्षं पाणी प्यालेलं, ह्या वेळी पाणी भरल्यामुळं ते फक्त दिसलं. भावानं तेवढाच भाग कापला आणि तिरका सांधा देऊन नवा तुकडा बसवला, जाडीच्या आठपट लांब तिरका, म्हणजे 18 मिलिमीटरच्या प्लायला 144 मिलिमीटर. रंध्यानं तो उतार काढताना प्लायचे थर पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात, त्या पट्ट्या सरळ रेषेत आल्या की उतार बरोबर. नंतर सगळ्या उघड्या कडा इपॉक्सीनं बंद केल्या आणि बोटीच्या अंगाला फायबर कापडानं परत जोडलं. पुण्याहून नवीन बनवून आणलं असतं तर किती खर्च आला असता माहीत नाही पण मालक खूश आहेत.

प्लायवरनं आठवलं, दुकानदार तोंडानं "वॉटरप्रूफ आहे" म्हणतात त्याला काही अर्थ नाही, प्लायवर शिक्का बघा. आयएस 710 म्हणजे मरीन प्लाय, त्याच्या टेस्टमध्ये तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात. आयएस 303 मधला एमआर ग्रेड फक्त दमटपणा सोसतो, पुरात टिकायला तो बनवलेलाच नसतो. पूररेषेच्या आसपास राहणाऱ्यांनी निदान खालचे कप्पे तरी 710 चे करावेत. आणि एमडीएफ किंवा भुशाच्या बोर्डाचं फर्निचर एकदा फुगलं की त्याच्यावर वेळ घालवू नये, ते मात्र खरंच फेकायचं. सगळंच वाचतं असं माझं म्हणणं नाही, काय वाचतं आणि काय नाही हे बघणारं माणूस पाहिजे एवढंच.

नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या मोटारींचंही हेच. पुरात बुडालेली मोटार वर काढली की पहिल्यांदा स्टार्टर दाबतात, वाइंडिंग जळतं, मग रिवाइंडिंगच्या दुकानापुढं रांग. खोलून धुवायची, उबेला वाळवायची, मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर लावून ते एक मेगओहमच्या वर आल्याशिवाय करंट द्यायचा नाही, बेअरिंग बदलायचे. बऱ्याच मोटारी रिवाइंडिंगशिवाय चालू होतील.

आता विनंती. एक म्हणजे तुमच्या पेपरानं जूनमध्येच, पुराच्या बातम्या सुरू व्हायच्या आत, पाव पान ह्याला द्यावं, लोकांनी कापून ठेवावं असं. दुसरं प्रशासनाला, पूर ओसरल्यावर जशी साफसफाईची आणि औषधफवारणीची पथकं फिरतात तशी प्रत्येक पूरग्रस्त वॉर्डात दुरुस्तीची एक जागा असावी, तिथं आयटीआयची इलेक्ट्रिशियन आणि सुतारकामाची पोरं, त्यांच्याबरोबर उद्यमनगरातले दोन जुने मिस्त्री, एक मेगर, एक ओलावा मीटर, पाण्याचा टँकर आणि अल्कोहोलचे कॅन. लई खर्चाचं काम नाही. पोरांना हात बसेल आणि लोकांची कपाटं वाचतील. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला त्या गावात मिस्त्रींची कमी आहे असं कुणी म्हणू नये, त्यांना बोलावणारं कुणीतरी पाहिजे.

आम्ही दोघं भाऊ पावसाळ्याआधीच्या कुठल्याही रविवारी पोरांना शिकवायला यायला तयार आहोत, पैसे नकोत. भिजलेलं होकायंत्र आणि प्लायचा तो कापलेला कुजका तुकडा दाखवायला घेऊन येऊ, होकायंत्र मालकांना परत द्यायचंय पण ते महिनाभर थांबतो म्हणालेत.

आपला,
एक गेज मिस्त्री
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर