मोदकाच्या पिठीच्या पाकिटावरील चुकीच्या मराठी कृतीबाबत तक्रार

दिनांक : १४ ऑगस्ट २०२५
ठाणे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : पाकिटावर मराठीत पाण्याचे प्रमाण दुप्पट छापल्याबद्दल

महोदय,

आपल्या कंपनीच्या मोदक पिठीचे ५०० ग्रॅमचे एक पाकीट मी १० ऑगस्टला आमच्या जवळच्या दुकानातून घेतले. बिल आणि पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो सोबत जोडले आहेत.

१२ तारखेला अंगारकी होती. नव्या घरात आल्यापासून सासरची मंडळी पहिल्यांदाच आमच्याकडे उपास सोडायला येणार होती. सासूबाई, सासरे, दीर, जाऊ, त्यांची मुलगी आणि आम्ही दोघे, अशी सात पानं. माझं माहेर सांगलीचं. आमच्याकडे कणकेचे तळणीचे मोदक असतात, उकडीचे आईनेही कधी केले नाहीत. सासर रत्नागिरीचं. तिथे उकडीशिवाय मोदक नाहीच. दोन दिवस आधीपासून माझ्या पोटात गोळा आला होता. पण सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना ओट्याशी उभं करायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. म्हणून पाकिटामागची कृती चार वेळा वाचली आणि वाटीने मोजूनच सगळं घेतलं.

आपण मराठीत छापलं आहे : ‘१ वाटी पिठी, २ वाट्या पाणी’. एकवीस मोदक नैवेद्याचे आणि वर खाणाऱ्यांचे, म्हणून मी तीन वाट्या पिठीला सहा वाट्या पाणी उकळलं. त्यात मीठ, चमचाभर तूप आणि मग पिठी घातली. झाकण काढलं तेव्हा पातेल्यात उकड नव्हती, खळ होती. उलथण्यावरून ओघळत होती. पाकिटात उरलेली अर्धी वाटी पिठी वरून टाकली, त्याच्या गुठळ्या झाल्या. गॅसवर आटवायला गेले तर खालून लागलं. वाफेने उजव्या हाताची दोन बोटं पोळली. तरी तुपाचा हात लावून पारी करत राहिले. सात मोदक कसेबसे वळले आणि हळदीच्या पानावर मोदकपात्रात ठेवले. दहा मिनिटांनी पाहिलं तर सातही बसले होते, सारण पानावर पसरलं होतं. सारणही माझ्याकडून थोडं कोरडं झालं होतं, तो दोष माझा. पण उकडीचा माझा नाही.

मंडळी आठ वाजता आली. सासूबाईंनी परातीत बोट लावून विचारलं, “पाणी किती घातलंस गं?” मी पाकीट पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून मागची बाजू वाचली, मग कडेची इंग्रजी बाजू माझ्या नवऱ्याकडून वाचून घेतली. इंग्रजीत ‘१ कप पिठी, १ कप पाणी’ आहे. म्हणजे बरोबर प्रमाण आपल्याला ठाऊक आहे. फक्त मराठी वाचणाऱ्या बाईपर्यंत ते पोचलेलं नाही. मोदक आमचा, कृती मराठीत छापलेली, मग मी इंग्रजी का तपासून पाहावं?

चंद्रोदय सव्वानऊच्या सुमारास होता. नवी पिठी आणून पुन्हा सुरुवात करायला वेळ नव्हता. सकाळपासून उपाशी असलेल्या सासऱ्यांनी वाटीतल्या नुसत्या सारणाचा नैवेद्य दाखवला आणि सगळे वरणभात जेवले. कोणी एक शब्द बोललं नाही. सासूबाई तर ताटावरून उठताना माझ्या पोळलेल्या बोटांना तूप लावून गेल्या. मला रात्रभर झोप आली नाही.

काल आपल्या ग्राहक क्रमांकावर फोन केला. उत्तर मिळालं, “मॅडम, पाणी अंदाजाने कमी-जास्त करायचं असतं. आम्ही एक पाकीट मोफत पाठवतो.” ज्या बाईला अंदाज आहे ती पाकिटामागचं वाचत नाही. ते वाचतात माझ्यासारख्या पहिल्यांदा करणाऱ्या, परगावी एकट्या राहणाऱ्या, विचारायला घरात कोणी नसलेल्या. मोफत पाकीट मला नको.

२७ ऑगस्टला गणेश चतुर्थी आहे. दुकानात आज आपल्या पाकिटांची रास लागली आहे, मी पाहून आले. सगळ्यांवर तेच ‘२ वाट्या’ आहे. त्याआधी दुकानदारांना सूचना देऊन प्रत्येक पाकिटाबरोबर दुरुस्त प्रमाणाची मराठी चिठ्ठी द्यावी, आपल्या संकेतस्थळावर चूक ठळकपणे जाहीर करावी, आणि नव्या छपाईआधी मराठी मजकूर स्वयंपाक येणाऱ्या मराठी माणसाकडून वाचून घ्यावा. काय केलंत ते मला २१ ऑगस्टपर्यंत लेखी कळवावं. उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे, आणि गरज पडली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक आयोगाकडेही जाईन.

उरलेलं रिकामं पाकीट मी जपून ठेवलं आहे. तपासणीसाठी हवं असल्यास माणूस पाठवावा.

आपली,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, पाकिटाचे दोन फोटो