माळशेजातल्या त्या दोघांचे आभार

नारायणगावहून टोमॅटो भरून कल्याणला निघालेल्या आमच्या पिकअपचा ब्रेक माळशेज घाट उतरताना लागेना. पॅडल थेट तळाला! गिअर पाडून, हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी कडेला घेतली. मागच्या ट्रकवाल्या काकांनी न सांगता चाकांना दगड लावले. त्यांच्याबरोबरच्या पोराने चाकं गार होऊ दिली, नळी लावून ब्रेकच्या लाइनमधली एअर काढली. बाटलीत आलेलं ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं. जुनं ऑइल ओल धरतं, तापलं की उकळतं, वाफ दबते आणि पॅडल बसतं, हे त्यानेच समजावलं. (गॅरेजात एवढं कुणी सांगत नाही.) स्वतःकडची डॉट ४ ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली फोडून त्याने आमच्या गाडीत ओतली. पैशाचं काढलं तर काका म्हणाले, "आधी घाट उतरा." दोघांचे मनापासून आभार. काका, नारायणगावला याल तेव्हा टोमॅटोचं एक कॅरेट तुमचं.