मागच्या रानाच्या कागदावर सही करू नका

आई, आप्पा, नमस्कार.

संज्यानं इसारपावतीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, काल रात्री जेवण झाल्यावर नीट वाचून काढले. आप्पा, तुम्ही फोनवर म्हणाला की बॉक्साइट खाणीच्या कंपनीला रस्त्यासाठी नुसती मागची पट्टी जाणार, घर आणि परडं राहतंय. पण शेवटच्या पानावर काय लिहिलंय बघा, ताबा द्यायच्या आधी जागेवरची सगळी झाडं विकणाऱ्यानं स्वखर्चानं काढून जागा मोकळी करून द्यायची. म्हंजे कुऱ्हाड आपण लावायची, परवानगीला हेलपाटे आपण घालायचे, आणि ट्रक त्यांचे पळणार. फणस, हिरडा, ऐन, जांभूळ ही सगळी १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात बसणारी झाडं, विनापरवाना तोडली तर केस तुमच्या नावावर होणार, कंपनीचं नाव कुठंच येणार नाही. हे त्यांच्या वकिलाला माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही.

आणि दुसरं, खरं तर हेच पहिलं. ओवीला मी अजून काही सांगितलेलं नाही.

तुम्हाला माहितीय, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती आधी तुमची चौकशी करते आणि मग लगेच "आज्जी, फोन फणसाकडं फिरव" म्हणते. तिचा तांबू, फणसावरचं ते शेकरू, दिसला की आठवडाभर शाळेत तेच. मे महिन्यात दुपारी सोप्यात पडून ती तासन्‌तास वर बघायची, मला वाटायचं पोरगी कंटाळली असेल, पण तिनं जे बघितलंय ते मी त्या घरात वाढून कधी बघितलं नव्हतं. शेकरू मागच्या पायांनी फांदीला धरून उलटं लोंबकळतं आणि पुढच्या दोन्ही हातांत गरा धरून खातं, हे तिनं मला दाखवलं. त्याची घरटी एकापेक्षा जास्त असतात, फणसात एक, हिरड्यात एक, वरच्या ऐनात एक, आणि एवढी कशाला हे तुम्हीच तिला समजावून सांगितलंत आप्पा. खायला काही टाकायचं नाही, जवळ जायचं नाही, नुसतं बघायचं, हेही तुम्हीच शिकवलं. ती ते पाळते. चित्रं काढून कपाटाला आतून चिकटवलीत तिनं, शेपटी दरवेळी अंगापेक्षा लांब, आणि ते बरोबरच आहे.

शेकरू जमिनीवर सहसा उतरत नाही. झाडावरून झाडावर जातं, उडी म्हटली तर वीसेक फूट. फणसावरून हिरडा, हिरड्यावरून जांभूळ, तिथून ऐन आणि मग वरची देवराई, अशी त्याची वाट आहे. आता मधली पट्टी साफ करून दोन ट्रक शेजारून जातील एवढा रस्ता काढला, दोन्ही बाजूंची झाडंही पाडली, तर ते पलीकडं जाणार कसं? जमिनीवरून गेलं तर कुत्री आहेत, ट्रक आहेत. राज्यप्राणी म्हणून शाळेच्या पुस्तकात चित्र छापायचं आणि त्याच्या वाटेवरून बॉक्साइट न्यायचं!

राधानगरीचं अभयारण्य १९५८ पासूनचं, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या यादीत गेलं, त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण हद्दीच्या बाहेरचं जंगल सलग राहिलंय ते तुमच्यासारख्या लोकांच्या मालकीच्या रानांमुळं, आणि एजंट नेमकी तीच रानं हुडकत फिरतोय. वरच्या सड्याचा जांभा कातळ खणला की पाणी मुरायचं कुठं? आई, तुझा परड्यामागचा झरा उन्हाळ्यातही वाहतो तो त्या जांभ्यात मुरलेल्या पावसावर. शेजारच्या गावात खाण चालू झाल्यावर पहिल्या पावसात ओढ्याला लाल गाळ आला, ते तूच मला सांगितलं होतंस. माल संपला की कंपनी जाणार, खड्डे आपल्याकडं राहणार.

पैशाचं मला कळतंय. आप्पा, गुडघ्याचं ऑपरेशन पावसाळा झाला की इथं कोल्हापुरातच करू, माझ्या ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये तुम्ही दोघं आहात, वरचा खर्च मी बघतो. त्यासाठी रान विकायची वेळ नाही. आणि "बाकीच्या सगळ्यांनी दिलं, तुम्हीच अडून बसलाय" असं एजंट म्हणाला ना, संज्या म्हणतो वरच्या आळीत निम्म्यांनी अजून सह्या केलेल्या नाहीत. त्यांच्याशी बोला, सगळ्यांनी मिळून ग्रामसभेत विषय घेऊया.

शनिवारी दुपारच्या एसटीनं येतोय, ओवीला घेऊनच. तोवर एजंट आला तर मुलगा आल्यावर बघू एवढंच सांगा, टोकन म्हणून पाचशे रुपयेसुद्धा घेऊ नका. सातबारा आणि जुना मोजणीचा नकाशा ट्रंकेतनं काढून ठेवा, वकिलाला दाखवायचाय.

आई, गोळ्या वेळेवर घे.

तुमचा,
बाळू