काट्याचा मासा खायला शिकवणाऱ्या काकूंना

काकू,

फोनवर तुम्हाला नीट थँक्यू म्हणताच येत नाही, मी सुरुवात केली की तुम्ही "ता रवांदे, जेवलंस मा?" म्हणून विषयच संपवता. म्हणून हे लिहून सगळ्यांसमोर टाकतेय, तुमची लेक तुम्हाला वाचून दाखवेलच.

मी सोलापूरची. आमच्याकडे मासे म्हणजे उजनीचे, चिलापी नाहीतर मरळ, तेही महिन्या-दोन महिन्यांतनं एखादवेळी. त्यात सात-आठ वर्षांची असताना घशात काटा अडकला होता, डॉक्टरकडे जाईपर्यंत आईचा चेहरा पांढरा पडलेला मला अजून आठवतो. तेव्हापासून मासा म्हणलं की मला फक्त सुरमईचा तुकडा नाहीतर पापलेट, मधला एक काटा दिसतो तो बाजूला केला की झालं. होस्टेलला तुमची लेक घरनं आलेला सुक्या सुंगटांचा, म्हणजे सुक्या कोलंबीचा, डबा उघडायची आणि मी लांबनंच बघायची.

तर नोव्हेंबरात मालवणला आले, कोल्हापूरवरनं फोंडा घाट उतरून, दिवसभराचा प्रवास. उतरल्या उतरल्या भूक इतकी लागलेली की तुमच्या घरी यायच्या आधीच एका हॉटेलात थाळी खाल्ली, सुरमईला वास होता हे कळत होतं तरी खाल्ली आणि रात्री पोट बिघडलं. पहिल्यांदाच आलेली पाहुणी आणि आल्याआल्या आजारी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. तुम्ही काही न बोलता उकड्या तांदळाची पेज आणून दिलीत, वर मीठ आणि आमसूल, आणि मी झोपेपर्यंत बाजूला बसून राहिलात. ते मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणून मासे नाहीतच. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. खरं सांगते काकू, मालवणला येऊन पहिलं पोटभर जेवण शाकाहारी झालं आणि मला त्याचं जरापण वाईट वाटलं नाही, ते भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण मी बोटाने पुसून खाल्लं. संध्याकाळी खापरोळी, जाड पिवळसर, गूळ-नारळाच्या रसात बुडालेली, ती तर मला माहीतच नव्हती. मालवणी जेवण म्हणजे मासे आणि कोंबडी-वडे एवढंच आमच्याकडच्या लोकांना वाटतं, तसं ते नाहीये, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

मंगळवारी पहाटे तुम्ही मला देवबागला रापण, म्हणजे किनाऱ्यावरनं जाळं ओढून करतात ती मासेमारी, बघायला घेऊन गेलात. अर्धगोलात टाकलेलं एवढं मोठं जाळं, त्याचे दोन्हीकडचे दोर धरून 30-40 जण किनाऱ्यावरनं ओढत होते, बाया, म्हातारे, शाळेत जायच्या वयाची पोरंसुद्धा, आणि मी बघत उभी तर तुम्ही म्हणालात, "बगतंस काय, हात लाव." हाताला दोर काचला पण सोडवेना. शेवटी जाळं वर आलं तेव्हा सगळी चांदी उडत होती नुसती, पेडवे, तारली, थोडे बांगडे. दोराला हात लावला म्हणून मलापण वाटा मिळाला, ओंजळभर पेडवे! माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली कमाई असेल ती. येताना तुम्ही सांगत होतात की पर्ससीन (भलंमोठं जाळं गोल टाकून अख्खा थवा उचलणाऱ्या) आणि एलईडीवाल्या (प्रखर दिव्यांनी मासे गोळा करणाऱ्या) बोटींमुळे रापणीला पूर्वीसारखं गावत नाही, तुमचा आवाज बदलला होता तेव्हा. त्याआधी मी ही बातमी दोनदा वाचून सोडून दिलेली.

मग संध्याकाळी बंदरावरचा लिलाव. मी आपली सुरमई सुरमई करत होते तर तुम्ही म्हणालात, "जा गावात ता घेवचा," म्हणजे जे मिळेल ते घ्यायचं. आणि मला कल्ला उचलून दाखवलात, आत लालभडक पाहिजे, तपकिरी असला की पुढे चालायचं. डोळा फुगीर आणि चकचकीत, बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. दोन दिवस आधी हे माहीत असतं तर त्या सुरमईला मी हात लावला नसता. बांगडे घेतले आपण.

आणि रात्री त्याच बांगड्यांचं तिखलं. नारळ नाही, कांदा नाही, मिरचीचा मसाला, आमसूल, आणि आतली काळी बी काढून टाकून जराशी ठेचलेली तिरफळं, ती जीभ बधिर करणारी मसाल्याची फळं. ताटात अख्खा बांगडा आल्यावर मी हात आखडला, ते तुम्ही बघितलंत. स्वतःचं ताट घेऊन शेजारी बसलात. पाठीवरनं मधल्या रेषेवर अंगठा दाबायचा, वरचा अर्धा भाग सुटून येतो. मग शेपटीकडनं मधला काटा धरून हळू वर उचलायचा, डोक्यापर्यंत अख्खा निघतो, फणीसारखा. पोटाकडचे बारीक काटे बोटांनीच चाचपायचे, डोळ्यांनी नाही, कारण ते दिसत नाहीत पण बोटाला कळतात. पहिले दोन घास तुम्ही चाचपून माझ्या ताटात ठेवलेत, तिसरा मी केला. "सावकाश खा, मासो खंय पळान जाणा नाय." तिरफळाने जीभ जरा बधिर झालेली, डोळ्यात पाणी होतं, आणि ते सगळं तिखटाचं नव्हतं काकू. वीस वर्षांची भीती होती ती.

बाकी सोलकढी, तळलेले पेडवे, सुंगटांची किसमूर (सुक्या कोलंबीची कोशिंबीर), सगळ्याबद्दल लिहायचं तर दोन पत्रं होतील. तुम्ही किसमूर करताना सांगितलंत ना, की 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते म्हणून मे महिन्यातच सुकवून भरून ठेवायचं, तेव्हा मला होस्टेलचा तो डबा आठवला. पावसाळ्यासाठीच्या साठ्यातलं काढून तुम्ही लेकीला पाठवत होतात आणि ती ते आमच्यापुढे ठेवायची. एकदा तरी चाखायला हवं होतं मी.

गेल्या रविवारी मी घरी तिखलं केलं. बाजारात कल्ले उचलून बघत होते तर मासेवाली म्हणाली, ताई तुम्ही कोकणातल्या का? इतकं बरं वाटलं! आई काट्याच्या भीतीने जेवायलाच बसत नव्हती, मग मी तिच्या शेजारी बसले, पहिले दोन घास चाचपून तिच्या ताटात ठेवले.

तुम्ही दिलेली तिरफळं आता मूठभरच उरलीत. शिमग्याला येतेय, आईला घेऊन, तुमच्यासाठी शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या आणते. ह्यावेळी हॉटेलात थांबणार नाही, सरळ घरीच येते, पेज नाही मिळाली तरी चालेल!

तुमची सोलापूरची लेक